मरळीचं पाणी

बास हा उत्तर अमेरिकेचा मासा. डहाणूच्या तळ्यांत तो नाही, तलासरीच्या धरणात नाही, आणि कुणी तो इथं आणू नये असं मला मनापासून वाटतं. पण त्याच्यासाठी शोधलेली आमिषं इथवर येऊन पोचली आहेत. 2013 च्या एप्रिलमध्ये लोकल डहाणू रोडपर्यंत धावू लागली, तेव्हापासून रविवारी पहाटे विरारहून सुटणाऱ्या गाडीत खांद्याला लांब नळकांडं अडकवलेली मुलं दिसू लागली. नळकांड्यात रॉड असतो. पिशवीत रबराचे पोकळ बेडूक, तोंडाला खळगी असलेले पॉपर आणि शेपटी वळवत पोहणारे मऊ मासे असतात. खोक्यांवर चित्र असतं मोठ्या जबड्याच्या हिरवट बासचं. वापी-उंबरगावकडून मोटारसायकलवर येणाऱ्यांकडेही हाच ऐवज असतो. आता तर उधवा, कासा, झरी या बाजूची पाड्यावरची पोरंही मोबाइलवरून तोच बेडूक मागवतात आणि बांबूच्या काठीला तंगूस बांधून तो फेकतात.

इथं तो बेडूक ज्या माशापुढे पडतो, ती मरळ. हे पुस्तक तिच्याविषयी आहे, आणि तिला पाण्याच्या वरच्या अंगाला उठवण्याच्या कलेविषयी. आमिष परदेशातून आलं, काही बिघडलं नाही. रॉड जपानी असो की चिनी, मरळीला त्याचं सोयरसुतक नाही. मात्र आमिषाच्या पाठोपाठ बासचं वेळापत्रकही आलं, कधी फेकावं, कुठे फेकावं, कुठल्या माशाला डिवचावं याचे धडेही आले, आणि ते धडे इथल्या पाण्याला जसेच्या तसे लावले तर एका पावसाळ्यात तळं रिकामं होतं. या सगळ्या लिखाणामागे माझी हीच एक काळजी आहे. म्हणून गाठी आणि गळ यांच्याकडे वळण्याआधी माशाची, पाण्याची आणि काठावरच्या माणसांची ओळख करून द्यायला हवी.

आधी त्या परदेशी माशाचं पाहू, कारण सारी सामग्री त्याच्यापासून सुरू होते. मोठ्या तोंडाचा बास हा उथळ, वनस्पतींनी भरलेल्या, कोमट पाण्याचा शिकारी. तो दबा धरून बसतो आणि वरून जाणारं काहीही गिळायला झेपावतो. मिशिगन राज्यातल्या डोवाजिॲक गावच्या जेम्स हेडन यांनी 1890 च्या दशकात लाकूड तासून बेडूक केले आणि त्यांनी बास धरले. गिरणीच्या तळ्याकाठी बसल्या बसल्या तासलेला लाकडाचा तुकडा त्यांनी पाण्यात फेकला आणि बासनं त्याच्यावर झडप घातली, अशी कथा तिकडे सांगतात. कथा खरी असो नसो, हेडन यांच्या नावानं निघालेल्या कंपनीनं लाकडी आमिषांचा धंदा उभा केला, आणि 1939 च्या सुमारास आलेलं त्यांचं प्लास्टिकचं ‘झारा स्पूक’ आजही विकलं जातं. दोरीला हलके झटके दिले की ते पाण्यावर डावी-उजवीकडे नागमोडी चालतं. 1932 मध्ये जॉर्जियातल्या माँटगोमेरी तळ्यात जॉर्ज पेरी या तरुणानं 22 पौंड 4 औंसांचा, म्हणजे सुमारे 10 किलोंचा बास धरला. तो विक्रम 77 वर्षं टिकला. 2009 मध्ये त्याची बरोबरी झाली ती अमेरिकेत नव्हे, जपानच्या बिवा सरोवरात. तो मासा मानाबू कुरिता यांनी धरला. बास जपानमध्ये पहिल्यांदा आला तो 1925 मध्ये, अमेरिकेहून आणून आशी सरोवरात सोडलेला. त्याच बासनं पुढे जपानमधले देशी मासे इतके खाल्ले की 2005 मध्ये तिथल्या सरकारला त्याला घातक परकीय प्राण्यांच्या यादीत टाकावं लागलं.

याच्या उलट गोष्ट 2002 मध्ये मेरीलँड राज्यातल्या क्रॉफ्टन गावी घडली. तिथल्या एका तळ्यात मरळीची चिनी चुलत बहीण सापडली. बाजारातून जिवंत आणलेले मासे कुणीतरी तळ्यात सोडून दिले होते. शेकडो पिल्लं निघाली, वर्तमानपत्रांनी घबराट उडवली, सप्टेंबरात विष घालून अख्खं तळं मारलं गेलं आणि मरळ कुळातल्या सगळ्या जिवंत माशांच्या आयातीवर अमेरिकेनं बंदी घातली. या दोन गोष्टी मी शेजारी शेजारी ठेवतो, कारण तळ्याकाठी कुणी ना कुणी उत्साहानं विचारतोच, ‘बासचं बी मिळेल का हो, आपल्या शेततळ्यात सोडायला?’ सोडू नये. आफ्रिकन मगूर असाच आणला गेला. 2000 मध्ये केंद्रानं त्याच्या पैदाशीवर बंदी घातली, तरी तो नद्या-तळ्यांतून अजून निघतो. 1952 मध्ये भारतात आलेली तिलापिया आज इथल्या जवळजवळ प्रत्येक डबक्यात आहे. आपल्याकडे आपला दबा धरणारा मासा आहे, आणि पाण्यावरच्या आमिषाला तो बासइतकाच तुटून पडतो.

मरळीचं शरीर लांबट, डोकं सापासारखं चपटं, खवले मोठे, अंगावर तिरपे काळसर पट्टे. खालच्या जबड्यात अणकुचीदार दात. पण तिची खरी ओळख आत आहे. कल्ल्यांच्या वर, डोक्यातल्या पोकळीत तिला हवा घेण्याचं वेगळं इंद्रिय असतं. नुसत्या पाण्यातल्या प्राणवायूवर ती जगत नाही. दर काही मिनिटांनी तिला वर यावंच लागतं. वर येऊ दिलं नाही तर मरळ पाण्यात बुडून मरते. वैशाखात ज्या पाण्यात रोहू-कटला पोट वर करून तरंगतात, त्या कढत, हिरव्या, सडक्या पाण्यात ती टिकते ती यामुळेच. पाणी आटलं तर ओल्या चिखलात स्वतःला गाडून घेते. पहिल्या पावसात एका खाचरातून दुसऱ्या खाचरात, बांधावरच्या ओल्या गवतातून सरपटत जाते. रस्त्याच्या कामासाठी मुरूम उकरून झालेल्या खड्ड्यात, जिथं कुणी मासा सोडला नाही तिथं, दुसऱ्या वर्षी मरळ सापडते ती याच वाटेनं आलेली.

तिच्या भावंडांचीही नोंद करू. ओहोळातली बारकी ढोक वीतभरापलीकडे क्वचित जाते. मोठ्या नद्यांत आणि धरणांत शेपटीच्या बुडाशी डोळ्यासारखा ठिपका असलेली थोरली मरळ मीटरभराहून लांब होते. आपल्या तळ्यांत बहुतेक वेळा गाठ पडते ती पट्ट्यांच्या मरळीशी. तेलंगणानं तिला राज्याचा मासा म्हणून मान दिला आहे. मलेशियात शस्त्रक्रियेनंतर जखम लवकर भरावी म्हणून तिचं सूप देतात. आपल्या बाजारात गोड्या पाण्यातला हा सर्वांत महाग माशांपैकी एक, आणि बादलीत तास न् तास जिवंत राहत असल्यानं तो जिवंतच विकला जातो.

गळवाल्यासाठी या सगळ्यातली मोलाची गोष्ट म्हणजे तो श्वास. बास कुठे असेल याचा अंदाज करावा लागतो. मरळ आपला ठावठिकाणा स्वतः सांगते. सकाळी वारा पडलेला असताना काठावर अर्धा तास काहीही न करता उभं राहिलं तर दिसतं. कमळाच्या पानांच्या फटीत पाणी एकदाच वर फुगतं, मागे दोन-तीन बुडबुडे राहतात, एखादं पान थरथरतं. थोड्या वेळानं त्याच टापूत पुन्हा. जो हे पाहायला शिकला त्याला महागड्या सामानाची निम्मी गरज उरत नाही. माझ्या मते या छंदातला सर्वांत मोठा आनंदही याच अर्ध्या तासात आहे. पुढचं झटापटीचं एक मिनिट फक्त त्याची पावती देतं.

आता पाण्याविषयी. डहाणू आणि तलासरी हे 2014 च्या 1 ऑगस्टला ठाण्यातून वेगळ्या झालेल्या पालघर जिल्ह्याचे उत्तर टोकाचे तालुके. पश्चिमेला घोलवड-बोर्डीच्या चिकूच्या वाड्या आणि खाऱ्या खाड्या, पूर्वेला टेकड्या, भातखाचरं आणि साग-खैराचं रान. पाऊस भरपूर पडतो, पण तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत, आणि उताराचं पाणी थांबत नाही. चैत्री पौर्णिमेला विवळवेढ्याच्या महालक्ष्मीची जत्रा भरते, तोवर बरेच ओढे कोरडे झालेले असतात. म्हणून इथं साठवलेल्या प्रत्येक पाण्याला किंमत आहे. वरोळी नदीवरचं कुर्झ्याचं धरण, दापचरीच्या दुग्धप्रकल्पाच्या परिसरातलं. डहाणू शहराची तहान भागवणारं साखऱ्याचं. बोर्डीजवळचं अस्वालीचं. सूर्या नदीवर धामणी आणि त्याच्या खाली कवडासचा बंधारा. शिवाय गावतळी, शेततळी, वीटभट्ट्यांच्या मातीचे खड्डे, दगडखाणींत साठलेलं खोल निळं पाणी.

मरळ या सगळ्यांत सारखी नसते. खाणीच्या सरळ कड्याच्या खोल पाण्यात तिला आसरा नाही. धरणात ती असते ती शेपटाकडे, जिथं पाणी उथळ होत जातं आणि बुडालेल्या झुडपांचे शेंडे वर दिसतात. तिचं खरं घर म्हणजे गावतळं, कमरेएवढं पाणी, एका बाजूला कमळ किंवा जलपर्णी, दुसऱ्या बाजूला म्हशी बसण्याची जागा, आणि मधे कुठेतरी वाकलेलं करंजाचं झाड. अशा तळ्याचा विस्तार दोन-चार एकरांचा. त्यात मोठ्या मरळींच्या किती जोड्या राहू शकतील? बोटांवर मोजण्याइतक्या. अमेरिकेतल्या हजारो एकरांच्या जलाशयावर बसून लिहिलेला सल्ला इथं चालत नाही तो या हिशेबामुळे.

हत्यारांची ओळख पुढच्या प्रकरणांत सविस्तर आहे. इथं एवढंच की पाण्यावरच्या आमिषांत या तळ्यांसाठी पहिला मान पोकळ रबरी बेडकाचा. त्याचे दोन्ही गळ वर वळलेले आणि पाठीला चिकटलेले असतात. त्यामुळे तो पानांवरून, शेवाळावरून घसरत येतो, अडकत नाही. मासा जबडा मिटतो तेव्हा रबर दबतं आणि गळ उघडे पडतात. जपानमध्ये कमळतळ्यांतल्या मरळीसाठी असेच बेडूक वापरायची वेगळी परंपराच तयार झाली आहे, आणि थायलंड-मलेशियातही मरळीसाठी लहान, वेगानं उड्या मारणारे बेडूक घडवतात. आपल्या तळ्यांना बासच्या पुस्तकांपेक्षा या शेजाऱ्यांचे अनुभव जास्त लागू पडतात.

पॉपर आणि नागमोडी चालणारी आमिषं मोकळ्या पाण्यासाठी. त्यांचे तीन-तीन आकड्यांचे गळ पानांत क्षणात गुंततात. मरळ पान फोडून येते तेव्हा आवाज मोठा होतो, काळीज उडतं आणि हात आपोआप झटका देतो. तिथंच मासा सुटतो. बेडूक तोंडात पूर्ण गेला नसताना दोरी ओढली की तो तसाच परत येतो, दातांच्या खुणांसह. दोरीला वजन लागेपर्यंत थांबायचं, रॉडचं टोक खाली न्यायचं, मग झटका, आणि तो जोरकस हवा, कारण मरळीचं तोंड हाडांचं आहे. त्यानंतर तिला एक हातही मोकळा द्यायचा नाही. ती सरळ कमळाच्या देठांत शिरते आणि गुंडाळून घेते. म्हणून विणलेली दोरी 40-50 पौंडांची आणि रॉड ताठ. बारीक दोरीवर मोठा मासा खेळवण्यात काहींना मर्दुमकी वाटते. तुटलेली दोरी आणि तोंडात अडकलेला गळ घेऊन तो मासा नंतर कुठे जातो, याचा त्यांनी एकदा विचार करावा.

शेपटी वळवत पोहणाऱ्या स्विमबेटची कथा निराळी. कॅलिफोर्नियातल्या जलाशयांत शौकिनांसाठी ट्राउट मासे सोडले जात. तिथले बास ते खाऊन प्रचंड वाढले आणि मग त्या बासना धरायला वीत-वीतभर लांबीची, सांध्यांतून वळणारी, हुबेहूब ट्राउटसारखी आमिषं लोकांनी घडवली. म्हणजे स्विमबेट मुळात विशिष्ट तळ्यातल्या विशिष्ट खाद्याची नक्कल आहे. हे तत्त्व ध्यानात घेतलं तर आपल्याकडे ट्राउटच्या रंगाचं आमिष फेकण्यात अर्थ नाही. आपली मरळ खाते ती बेडूक, लहान तिलापिया, शिंगटी, मळ्या, कोळंबी, कधी स्वतःचीच पिल्लावळ. बोटभर लांबीचा, करड्या-पिवळट रंगाचा, चपट्या शेपटीचा मऊ मासा धरणाच्या दगडी भरावाशेजारून संथ ओढला तर थोरली मरळ येते, शिवडा येतो. हिवाळ्यात मरळ वर उठायला नाखूश असते, तेव्हा हेच आमिष हाताशी.

पण स्विमबेटसाठी जन्मला असावा असा मासा या तालुक्यांत खाडीच्या तोंडाशी आहे, तो म्हणजे जिताडा. त्याचं इंग्रजी नाव ऐकलं तर त्यातही बास सापडतो, पण नात्यानं दोघे लांबचे. जिताडा वाढतो गोड्या-मचूळ पाण्यात, विणीला जातो समुद्राच्या खारटपणाकडे, आणि आयुष्याच्या पूर्वार्धात नर असून मोठा झाल्यावर मादी होतो. रायगडात पेण-अलिबागच्या खारभूमीत शेतकरी खाडीतून आलेली जिताड्याची पिल्लं घराजवळच्या तळ्यात सोडून वाढवतात. पाहुण्यासाठी तळ्यातला जिताडा काढणं हा तिथं मानाचा भाग आहे. चेन्नईच्या केंद्रीय निमखारे जलजीवपालन संस्थेनं 1997 मध्ये बंदिस्त जागेत त्याची पैदास यशस्वी केली, त्यामुळे बी मिळू लागलं. डहाणूच्या किनारपट्टीवर कोळंबीची तळी आहेत. त्यांतल्या रिकाम्या पडलेल्या एखाद्या तळ्यात मालकानं जिताडा वाढवावा आणि शुल्क घेऊन गळवाल्यांना बोलवावं, अशी माझी जुनी इच्छा आहे. गोड्या पाण्यातल्या मरळीवरचा ताण त्यानं कमी होईल.

आता त्या वेळापत्रकाकडे येतो, ज्यासाठी ही प्रस्तावना लांबली.

मृगाचा पाऊस पडला की इथं वलगण सुरू होते. तळ्या-नद्यांतले मासे चढत्या पाण्याबरोबर ओहोळांतून, खाचरांतून वर येतात, अंडी घालायला. पाड्यावरचं सारं घरदार रात्री बॅटऱ्या आणि बांबूचे सापळे घेऊन बाहेर पडतं. मरळही याच दिवसांत जोडी जमवते. नर-मादी मिळून उथळ पाण्यातलं गवत बाजूला सारून थाळीएवढी जागा मोकळी करतात. अंडी पिवळसर, तेलाच्या थेंबामुळे तरंगणारी. एक-दोन दिवसांत पिल्लं बाहेर येतात आणि मग काही आठवडे आईबाप त्यांची राखण करतात. पिल्लांचा रंग केशरी-तांबडा. शेकडोंचा पुंजका एकत्र फिरतो, एकत्रच श्वासाला वर येतो, त्यामुळे पाण्यावर तांबूस खळबळ सरकताना लांबूनही दिसते. खाली, हातभर अंतरावर, दोन मोठ्या मरळी. त्या पुंजक्याजवळ बेडूक पडो, खंड्या सूर मारो, पाणसाप जावो, त्या झेपावतात. भूक नसते, पिल्लांपासून त्याला हाकलायचं असतं.

गळवाल्याच्या दृष्टीनं याहून सोपा मासा नाही. पुंजक्यात बेडूक फेकायचा, तीन-चार वेळा ओढायचा, मोठी मरळ हमखास. मोबाइलवर फिरणाऱ्या पावसाळी छायाचित्रांतल्या अनेक भल्यामोठ्या मरळी अशाच धरलेल्या असतात. याला मी मासेमारी मानत नाही. आईबाप गेले की तो पुंजका तिलापिया, शिंगटी, बगळे यांच्यापुढे उघडा पडतो, आणि दिवसाभरात विरतो. एका माशाच्या बदल्यात तळ्याची पुढची सगळी पिढी जाते.

बासच्या बाबतीतही हेच आहे. त्याचा नर खळगीतल्या अंड्यांची आणि पिल्लांची राखण करतो. उत्तर अमेरिकेतल्या संशोधकांनी पाण्याखाली उतरून पाहिलं, की राखणीवरचा नर धरून लगेच सोडला, तरी तो परत येईपर्यंत इतर मासे खळगीवर तुटून पडतात, आणि पुष्कळदा दमलेला नर राखणच सोडून देतो. म्हणून कॅनडाच्या ओंटारियो प्रांताच्या दक्षिण भागात जूनचा उत्तरार्ध येईपर्यंत बास धरायला मनाई असते. तिकडे ज्या सुमाराला मोसम उघडतो, त्याच सुमाराला आपला मासा विणीला लागतो. तिकडचं ‘जूनमध्ये सुरू करा’ आपल्याकडे ‘जूनमध्ये थांबा’ असं वाचायला हवं. मी या पुस्तकात जून ते ऑगस्ट हे तीन महिने मरळीसाठी बंद मानले आहेत, आणि त्यानंतरही कुठे तांबडा पुंजका दिसला तर तिथून दोरी गुंडाळून दुसऱ्या काठाला जावं असं सुचवलं आहे. सप्टेंबरअखेर ते डिसेंबरची सुरुवात, आणि पुन्हा फेब्रुवारीअखेर ते एप्रिल, हे मरळीचे खरे दिवस. वैशाखात तळं डबक्याएवढं उरतं तेव्हाही गळ आवरावा. तिथं मासा लपायला जागाच उरलेली नसते.

इथं कुणी विचारेल, आणि रास्तपणे विचारेल, की वलगणीला तर पाड्यावरची माणसं पोतीच्या पोती मासे धरतात, मग शहरातून आलेल्या एकट्या गळवाल्यालाच का अडवायचं? याचं उत्तर मला टाळायचं नाही. वलगणीचा मासा हा पावसाळ्याच्या तोंडावर, कणगी रिकामी असताना, भाताची लावणी अजून व्हायची असताना घरात येणारा कस आहे. तो वाळवून ठेवतात, पुढच्या कठीण आठवड्यांत तो कामी येतो. पोटाची मासेमारी आणि छंदाची मासेमारी एकाच तराजूत घालता येणार नाही. दुसरं म्हणजे, वारली, दुबळा, कोकणा माणसांना पाण्याची जाण पिढ्यान् पिढ्यांची आहे. कुठल्या ओहोळात काय चढतं, कुठलं पाणी कधी ‘उतरतं’, सापळ्याचं तोंड कुठल्या बाजूला हवं, हे त्यांना सांगावं लागत नाही. गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांनी कुडाच्या भिंतीवरची वारली चित्रकला कागदावर, कापडावर आणली. 2011 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, 2018 च्या मेमध्ये ते गेले. त्यांच्या आवडीच्या विषयांत माशांचं जाळं होतं. हजारो बारीक रेषांनी विणलेलं ते जाळं आणि त्यातले मासे ज्यानं पाहिले, त्याला हे तालुके आणि मासा यांचं नातं समजावून सांगण्याची गरज नाही.

तरीही वलगणीबद्दल एक चिंता आहेच, आणि ती पाड्यावरचे जाणते लोकही बोलून दाखवतात. पूर्वी बांबूच्या सापळ्यातून बारकं निसटायचं. आता मच्छरदाणीच्या कापडातून काहीच सुटत नाही. गेळफळ ठेचून किंवा निवडुंगाचा चीक सोडून डोहातले मासे गुंगवण्याची रीत जुनी, मर्यादित पाण्यापुरती. आज त्या जागी शेतीची कीटकनाशकं आणि बॅटरीचा करंट आला आहे. स्फोटकं आणि विष यांनी मासे मारणं 1897 च्या कायद्यापासून गुन्हा आहे, पण तळ्यावर पोलीस उभा नसतो. ही गोष्ट थांबली तर ती गावाच्या शब्दानंच थांबेल.

गावाचा शब्द इथं कायद्यानंही मोठा आहे. दोन्ही तालुके राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीतल्या क्षेत्रात येतात. 1996 च्या पेसा कायद्यानं लहान जलसाठ्यांचं नियोजन आणि व्यवस्थापन पंचायतीकडे सोपवलं, महाराष्ट्राचे नियम 2014 मध्ये आले. धरणांतली मासेमारी बहुधा मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्यानं दिलेली असते. त्या पैसे भरून कटला, रोहू, मृगळ यांचं बोटुकलं सोडतात. शेततळं तर सरळ कुणाचं तरी खासगी. तेव्हा ‘मोकळं पाणी’ असं काही इथं नसतंच. पाड्यावर जाऊन आधी भेटावं, विचारावं, सांगितलं तर शुल्क द्यावं. बहुतेक ठिकाणी ‘जा की, धर’ असंच ऐकू येतं आणि वर चहा मिळतो. पण ते ऐकून मग जाणं आणि न विचारता कुंपण ओलांडणं यांत फार अंतर आहे. मुंबईत पवईच्या तलावावर महाराष्ट्र राज्य अँग्लिंग असोसिएशनचे सभासद नियमानं, परवान्यानं गळ टाकतात. हा शिस्तीचा वारसा आपल्याकडे आहे, तो लोकलमधून डहाणूपर्यंत यावा.

धरलेल्या माशाचं काय करायचं, यावर तळ्याकाठी पुष्कळ वाद होतात. अमेरिकेत रे स्कॉट यांनी 1968 मध्ये बास शौकिनांची संघटना काढली आणि 1972 पासून स्पर्धेतला मासा जिवंत सोडण्याचा आग्रह धरला. तिथल्या बाससाठी तो निर्णय फार मोलाचा ठरला. आपल्याकडे हाच नियम धर्माज्ञेसारखा सांगितला जातो, ते मला पटत नाही. ज्या गावात मरळ हा सणाचा घास आहे, तिथं पाहुण्यानं दहा मासे धरून छायाचित्रं काढून सोडून द्यावेत आणि घरी नेणाऱ्याकडे तुच्छतेनं पाहावं, हे शोभत नाही. मोसमात, हातभर लांबीची एक मरळ घरी नेली, किंवा ज्याच्या बांधावर उभे होतो त्याला दिली, तर तळ्याला ते सोसतं. खूप मोठी मादी मात्र सोडावी, तिच्या पोटात अंडी किती तरी पट जास्त असतात. आणि सोडायचं ठरवलं तर नीट सोडावं. मरळ हवेत श्वास घेते म्हणून तिला तापलेल्या कातळावर टाकून, कोरड्या हातानं दाबून दहा मिनिटं मिरवलं तर चालतं, हा गैरसमज आहे. अंगावरचा बुळबुळीत थर पुसला गेला की तिथं बुरशीसारखा रोग शिरतो. 1988 मध्ये भारतात आलेल्या व्रणरोगानं देशभरच्या तळ्यांतल्या मरळी अंगावर लाल जखमा होऊन मेल्या. तो रोग आजही थंडीत डोकं वर काढतो. जखमी मासे दिसले तर त्या तळ्यात वापरलेली दोरी, जाळी आणि बूट उन्हात खडखडीत वाळवल्याशिवाय दुसऱ्या तळ्यात नेऊ नयेत.

या विषयावर हिंदुस्थानात लिहिणारा मी पहिला नव्हे. मद्रास इलाख्यात काम केलेले हेन्री सलिव्हन थॉमस यांनी 1873 मध्ये ‘द रॉड इन इंडिया’ आणि 1887 मध्ये खास तळ्यांतल्या गळावर ‘टँक अँग्लिंग इन इंडिया’ ही पुस्तकं इंग्रजीत लिहिली. सुमारे दीडशे वर्षांपूर्वी एका साहेबाला आपल्या तळ्यांवर अख्खं पुस्तक लिहावंसं वाटलं. मराठीत मात्र समुद्राच्या माशांवर पुष्कळ, खाण्याच्या अंगानं तर भरपूर लिहिलं गेलं. गोड्या पाण्यातला मासा ओहोळातच राहिला. ती उणीव थोडी भरून निघावी एवढा या लिखाणाचा उद्देश आहे.

पुढे काय आहे ते सांगतो. पहिल्या भागात दोरी, गाठी, रॉड आणि आमिषं. दुसऱ्यात पाणी वाचणं, म्हणजे बुडबुडा, सावली, वारा, पाण्याचा रंग. तिसऱ्यात महिन्यावार मोसम, मृगापासून चैत्रापर्यंत. चौथ्यात जिताडा आणि खाडी. तळ्यांची नावं आणि तिथं पोचायचे रस्ते मी मुद्दाम दिलेले नाहीत. मोठी धरणं सर्वांना ठाऊक आहेत, पण दोन एकरांचं गावतळं छापील पानावर आलं की चार रविवारांत संपतं. ते ज्याचं त्यानं शोधावं, आणि शोधताना पाड्यावरच्या एखाद्या म्हाताऱ्या बाबाशी बोलावं. कुठल्या तळ्यात मरळ आहे हे ते सांगतीलच. कुठल्या काठावर यंदा पिल्लं आहेत, हेही विचारून घ्यावं, म्हणजे तो काठ सोडून उभं राहता येईल.